प्रमिलाच्या नाकाजवळची हवा

प्रमिलाची बदली झाली. अर्ज मंजूर झाला, हुकूम निघाला, त्यावर गोल शिक्का बसला. शिक्का नेहमीप्रमाणे बरोबर नावावर बसल्यामुळे बदली नक्की कोणाची झाली हे कळायला कागद उजेडाकडे धरावा लागला. धरून पाहिला. प्रमिलाचीच होती.

आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचायचं आहे. अभिमन सूर्यवंशी स्वतः तसंच समजून राहतो. कोणी विचारलं की सांगतो, "अर्ज टाकलाय. होईल यंदा." आणि विषय बदलून केळीच्या भावाबद्दल बोलतो. त्याच्या सात पिढ्यांत कोणी केळी लावलेली नाही.

तर ज्या काळी बदली झालेली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. साल त्र्याण्णव सरत आलं होतं. अभिमन जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता, म्हणजे मुलांनी फोडलेल्या काचेच्या नळ्यांचा हिशेब देणारा माणूस. प्रमिला धुळ्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न ठरलं तेव्हा "दोघंही नोकरीला" म्हणून दोन्हीकडच्या मंडळींनी पेढे वाटले. दोघं कुठे कुठे नोकरीला, हा प्रश्न कोणाच्या तोंडात येणार होता, पण तोंडात पेढा होता. दोन नोकऱ्यांच्या मध्ये एरंडोल होतं, पारोळा होतं आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा होता.

दर शनिवारी दुपारी अभिमन एसटीत बसायचा. एसटी ट्रकच्या मागे लागायची. एक ट्रक ओलांडला की पुढचा ट्रक तयार असायचा, आणि प्रत्येक ट्रक आपला सगळा धूर जणू अभिमनच्याच नावाने सोडायचा. धुळ्याला उतरेपर्यंत त्याचा चेहरा सुरमा विकणाऱ्यासारखा व्हायचा. प्रमिला दार उघडायची, आधी टॉवेल द्यायची आणि मग हसायची. टॉवेल, मग हसू. हा क्रम चार वर्षांत बदललेला नव्हता. सोमवारी पहाटे तो परत निघायचा.

खानदेशात नवऱ्याला बायकोची आठवण येते असं म्हणायची पद्धत नाही. 'जेवणाचे हाल होतात' असं म्हणतात. अभिमन स्वतः उत्तम स्वयंपाक करायचा. त्याच्या वरणाची फोडणी शेजारपाजारी वाखाणली जायची. तरी त्याच्या जेवणाचे फार हाल होत.

ज्या कार्यालयातून बदल्या होतात त्याचं नाव इथे घेणार नाही, कारण प्रमिला अजून त्यांच्याकडेच नोकरीला आहे. तिथे निंबा भाऊसाहेब नावाचे कारकून होते. माणूस स्वभावाने मऊ. कोणालाच नाही म्हणवायचं नाही, म्हणून ते सगळ्यांना 'बघू' म्हणायचे.

"सर, पती-पत्नी एकत्र हे कारण आता जुनं झालं," ते अभिमनला म्हणाले. "तुमच्या अर्जाखाली असे किती अर्ज आहेत माहीत आहे? त्यातल्या काही जोडप्यांची मुलं आता नोकरीला लागली. काहीतरी ताजं कारण आणा. बाईंना दमा आहे का?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मलाही नाही."

"सासऱ्यांना तरी?" भाऊसाहेबांना मनापासून मदत करायची होती. "अहो, शाळा आग्रा रोडला, समोर ट्रकांचा अड्डा, आणि एवढ्या कुटुंबात कोणाला दमा नाही म्हणजे कमालच आहे. त्या धुराचं काही करता आलं तर बघा. पण शास्त्रीय पाहिजे. नुसता खोकला नको. खोकला सगळेच आणतात."

अभिमन तिथून निघाला तो सरळ कपाटाकडे. म्हणजे जळगावला, कॉलेजात, डेडस्टॉकच्या कपाटाकडे. त्या कपाटात दोन वर्षांपासून एक खोकं पडून होतं. रहदारीच्या धुराचा अभ्यास म्हणून कोणत्या तरी मोठ्या संस्थेने ते पाठवलं होतं आणि विभागप्रमुखांनी ते हरवू नये म्हणून उघडलंच नव्हतं. आत एक छोटा पंप होता. तो कमरेच्या पट्ट्याला लावायचा. त्यातून एक रबरी नळी पाठीवरून खांद्यावर येते, आणि कॉलरपाशी, नाकाच्या अगदी खाली, एक डबी चिमट्याने अडकवायची. डबीत पांढऱ्या कागदाची चकती. पंप दिवसभर घूं करत हवा ओढतो, घाण चकतीवर साठते. सकाळी चकतीचं वजन करायचं, संध्याकाळी पुन्हा करायचं. वाढलं ते तुमच्या नाकाचं उत्पन्न.

यातली खुबी अशी की चौकात खांबावर यंत्र बसवलं तर ते चौकाची हवा मोजतं. पण खांब काही संध्याकाळी घरी जात नाही, भाजी आणत नाही, शनिवारी धुळ्याला जात नाही. माणूस जातो. म्हणून यंत्राने माणसाबरोबर हिंडायचं, तो जिथे जितका वेळ असेल तिथली तितकी हवा ओढायची, तेव्हा त्या माणसाच्या वाट्याला काय आलं ते कळतं. हे माहितीपत्रकात वाचून अभिमन बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. माणूस कोणाजवळ किती वेळ असतो यावर सगळं अवलंबून आहे, हे त्याला चार वर्षांपासून वाटत होतं. कोणी शास्त्रीय पद्धतीने मांडलं नव्हतं इतकंच.

ही बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. शेजारी झिपरूनाना राहायचे. एसटीच्या कंट्रोलरच्या जागेवरून निवृत्त झाले होते, पण बोलताना अजून गाड्याच सोडायचे.

"अभिमन भाऊ, अर्ज नेहमी गुरुवारी द्यायचा," नाना म्हणाले. "सोमवारी साहेब चिडलेला असतो, शुक्रवारी निघालेला असतो. गुरुवारी तो रिकामा असतो. गुरुवारच्या गाड्याही रिकाम्या जातात."

"यंत्र-बिंत्र सोडा," त्यांच्या मंडळी कमलअक्का आतून म्हणाल्या. "पाळणा हलवा. बाळंतपणाच्या रजेत तरी येईल घरी."

त्यालाही दोघं एका गावात असावे लागतात, हे अभिमनच्या ओठांवर आलं होतं. पण अक्का वडीलधाऱ्या. तो नुसता "बघू" म्हणाला. निंबा भाऊसाहेबांकडून त्याने तेवढं तरी आणलं होतं.

पहिल्या शनिवारी तो पंप लावून एसटीत बसला. वर स्वेटर घातला, म्हणजे कोणी विचारायला नको. पण स्वेटरला आवाज झाकता येत नाही. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने बराच वेळ त्याच्या पोटाकडे कान लावला.

"भूक लागनी व्हई पोराले," ती मागच्या बाईला म्हणाली, आणि पिशवीतून कळण्याची भाकरी काढून त्याच्या हातात दिली. अभिमनने ती निमूटपणे खाल्ली. आवाज थांबला नाही. म्हातारीने आणखी अर्धी दिली. तीही त्याने खाल्ली. आवाज तसाच. मग मात्र म्हातारी घाबरली आणि तिने कंडक्टरला बोलावलं.

त्या वर्षी एसटीत बेवारस वस्तूंबद्दलच्या पाट्या लागल्या होत्या. कंडक्टरने स्वेटर वर केला, नळी पाहिली, डबी पाहिली, आणि घंटी ओढली. पारोळ्याच्या पोलीस चौकीसमोर गाडी उभी राहिली. सगळे उतारू शेतात जाऊन उभे राहिले. गाडीत एकटा अभिमन, त्याच्या कमरेला घूं, आणि दाराशी एक जाडजूड हवालदार.

"काय आहे?"

"पंप आहे, साहेब. हवेचा."

"सायकलचा पंप कमरेला बांधून हिंडतोस?"

"हवा भरायचा नाही. ओढायचा."

"कोणाची हवा?"

"माझीच. मी जी नाकाने घेतो ती."

"मग घे ना!" हवालदार ओरडले. "त्याला यंत्र कशाला लागतं? आम्ही काय उसनी घेतो?"

अभिमनने संशोधनाचा विषय सांगून पाहिला. हवालदारांचा हात काठीकडे जाऊ लागला. शेवटी तो म्हणाला, "साहेब, बायकोची बदली करायची आहे. धुळ्याहून जळगावला. धुराचा पुरावा मागितलाय."

हवालदारांनी काठी दाराला टेकवली. मग ते वर आले आणि समोरच्या सीटवर बसले.

"माझी मंडळी तळोद्याला असते," ते म्हणाले. "दवाखान्यात. नर्स आहे." थोडा वेळ ते डबीकडे बघत राहिले. "जेवणाचे हाल होतात."

"होतात," अभिमन म्हणाला.

शेतात उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, आत स्फोटक निकामी करण्याचं काम चाललं असावं.  मग हवालदारांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "चला रे, बसा गाडीत. शैक्षणिक आहे." आणि उतरताना हळूच म्हणाले, "सर, चौकीसमोर आहे तोवर जरा जास्त ओढू द्या त्याला. माझ्याही अर्जाला लागेल."

त्या दिवशी अभिमनच्या डबीतली चकती काळी निघाली. कपाळाला लावावी अशी गोल, मऊ काळी. त्याने ती पाकिटात घालून निंबा भाऊसाहेबांसमोर ठेवली. गुरुवारी.

भाऊसाहेबांनी चकती उलटसुलट पाहिली. "छान आहे. पण हे नाक कोणाचं?"

"माझं."

"बदली कोणाची?"

"बायकोची."

"मग बाईंचं नाक आणा, सर. आणि तुलनेला एक बिनधुराचं नाक आणा. जळगावचं. म्हणजे साहेबांना म्हणता येईल, हे बघा, इथे काळं, तिथे पांढरं, सबब पांढऱ्याकडे पाठवा. फाइलला दोन पाय लागतात."

बिनधुराचं नाक म्हणून झिपरूनाना आपण होऊन पुढे आले. निवृत्त माणूस, गाडीघोडा नाही, दिवसभर ओट्यावर. अभिमनने सकाळी त्यांच्या कमरेला पंप लावला आणि कॉलेजात गेला. संध्याकाळी आला तर नाना ओट्यावरच होते, चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मिशीला कसलासा तेलाचा थेंब.

डबी उघडली. चकती काळी नव्हती. काळीकुट्ट होती आणि वर चकाकत होती. अभिमनची चकती तिच्यापुढे गोरी म्हणावी लागली असती.

"नाना, तुम्ही घरीच होता ना?"

"घरच व्हतू ना भाऊ! घर सोडीसन मी कथा जासू?"

"कोणत्या घरी, ते सांगा की," आतून कमलअक्का म्हणाल्या.

नानांनी मिशी पुसली. "असोद्याच्या. पुतण्याच्या. तेबी आपलंच घर शे."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. थंडी पडली की जळगाव आणि असोद्याच्या बाजूला भरिताचे बेत सुरू होतात. मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग पेटवायचा, त्यात भली मोठी हिरवी वांगी टाकायची, आणि सगळ्यांनी भोवती बसून ती भाजताना पाहायची. धूर इतका होतो की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. तिथे बोलावलं आणि गेला नाही, असा माणूस या भागात अजून झालेला नाही. नाना तर वयाने वडील, त्यांना वाऱ्याच्या तोंडची मानाची जागा मिळाली होती. ते तिथे दिवसभर बसले आणि वांगं कधी उलटायचं याच्या गाड्या सोडत राहिले. पंप इमानाने ओढत राहिला.

मिळालेल्या आकड्यांवरून असं सिद्ध होत होतं, की ट्रकच्या मागे बसण्यापेक्षा जळगावात घरी बसणं माणसाला जास्त अपायकारक आहे.

"मग तसंच लिही!" नाना म्हणाले. "जळगावच्या घरी एकटा माणूस असणं धोक्याचं, सबब बायको पाठवा."

अभिमनने दुसरं नाक शोधलं. समोरच्या लताबाईंना पंप लावला. त्या भरिताला गेल्या. पोस्टातल्या हिलालभाऊंना लावला. तेही गेले, वर पंपालाही थोडं भरीत लागलं. शेवटी कॉलेजचा शिपाई पंडित सापडला. त्याला वांग्याने अंगावर पित्त उठायचं. साऱ्या जळगावात शास्त्रीय तुलनेला लायक असा हा एकच माणूस निघाला. त्याची चकती जवळजवळ पांढरी आली.

पण अभिमन प्रामाणिक होता. रसायनशास्त्राने माणसाला तेवढा एक रोग लागतोच. मिळालेला आकडा लपवायचा नाही, म्हणून त्याने नानांची चकतीही फाइलला जोडली आणि खाली टीप लिहिली, 'सदर दिवशी भरीत होते.' खानदेशात एवढं पुरतं.

आता राहिलं प्रमिलाचं नाक.

"लग्नात गळ्यात काय घालायचं ते घालून झालं," ती डबीकडे बघून म्हणाली. "आता हे काय?"

"एक दिवस फक्त. शाळेत घाल."

"मुलं काय म्हणतील?"

मुलं म्हणाली, "बाईंच्या पदरात माशी अडकली." मग दिवसभर सगळा वर्ग माशी मारायला टपून बसला आणि पाढे आपोआप पाठ झाले. संध्याकाळी डबी उघडली तर चकती पांढरी. वजन मात्र भरपूर वाढलेलं. अभिमन चक्रावला. मग त्याच्या लक्षात आलं, की प्रमिला दिवसभर फळ्यापाशी उभी असते आणि फळा पुसते. खडू होता.

भाऊसाहेब म्हणाले, "खडू चालणार नाही, सर. खडू शासनाचा आहे. शासनाचा खडू शिक्षकाच्या नाकाला अपायकारक, असं शासनालाच कसं लिहिणार?"

म्हणून अभिमनने एक किरकोळ रजा टाकली आणि मधल्या वारी धुळ्याला गेला. प्रमिला त्या दिवशी पुन्हा डबी लावणार होती आणि फळा पुसायचं काम दुसऱ्या बाईंनी करायचं ठरलं होतं. तो शाळा सुटायच्या वेळी आग्रा रोडच्या पलीकडच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी उभा राहिला. आपण येणार हे प्रमिलाला त्याने सांगितलं नव्हतं.

घंटा झाली. फाटक उघडलं. प्रमिला बाहेर आली आणि मुलं तिच्या भोवती गोळा झाली. कोणी हात धरला, कोणी पदर धरला, कोणी पदर धरलेल्याचं दप्तर. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ट्रक जात होते. एक ट्रक गेला की ती धुरात दिसेनाशी व्हायची, आणि धूर पांगला की आधी वर केलेला हात दिसायचा, मग ती. घोळका पलीकडे पोचवायची, पुन्हा मागे जायची, पुढचा घोळका घ्यायची. मध्ये एकदा ती वाकून खोकली. एक मुलगी तिची पाठ थोपटत होती, सवयीने, जणू ते रोजचंच काम होतं.

अभिमनला शनिवार दुपार ते सोमवार पहाट एवढीच प्रमिला ठाऊक होती. मधल्या वारी आला तरी तो कार्यालयातूनच परत फिरायचा; त्या वारांची प्रमिला त्याने चार वर्षांत पाहिलीच नव्हती. त्याच्या हातातला चहा गार झाला. टपरीवाल्याने विचारलं, "दुसरा देऊ?" तर तो म्हणाला, "ही माझी बायको आहे." टपरीवाल्याने दुसरा चहा दिला.

त्या दिवसाची चकती काळी निघाली. कॉलेजातला काटा असा, की त्याच्यावर श्वाससुद्धा जपून टाकावा लागतो. त्याने ती तीनदा तोलली. इतके दिवस तो पुरावा शोधत होता. मिळाल्यावर त्याला वाटलं, नसता मिळाला तर बरं झालं असतं.

"तू खोकतेस," शनिवारी तो म्हणाला.

"तुम्ही नसता तेव्हा खोकते," प्रमिला म्हणाली. "तुम्ही असता तेव्हा वेळ कुठे असतो?"

फाइल गेली. एका गुरुवारी गेली. मग उन्हाळा आला, भरिताचे बेत थांबले, नानांनी मिशी रंगवली, आणि जूनच्या सुरुवातीला हुकूम आला. तो हुकूम, जो आलाच नाही असं आपण धरून चाललो होतो. आता धरवत नाही.

'सदर शिक्षिकेच्या नाकाजवळील हवा वाहनांच्या धुराने दूषित असल्याचे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालेले असल्याने, आणि शिक्षकांच्या आरोग्याची काळजी घेणे आवश्यक असल्याने, त्यांची बदली जिल्ह्यातील वाहनविरहित ठिकाणी, मौजे मोगरापाडा, तालुका अक्राणी येथे करण्यात येत आहे.'

तेव्हा सातपुड्याचा तो सगळा डोंगर धुळे जिल्ह्यातच मोडायचा.

"तोंड असं काय केलंत, सर?" निंबा भाऊसाहेब म्हणाले. "काम झालं तुमचं! साहेबांनी स्वतः नकाशा काढला. जिथे एकही मोटार जात नाही अशी जागा बोटाने शोधली. मी एवढ्या वर्षांत साहेबांना बोटाने काही शोधताना पाहिलं नव्हतं."

"मी जळगाव मागितलं होतं, भाऊसाहेब."

"जळगावची हवा कुठे धड आहे? तुम्हीच जोडलंय ना?" त्यांनी नानांची चकती काढून दाखवली. "घरी बसलेला म्हातारा माणूस, आणि हे बघा. अशा गावात बाईंना पाठवलं तर उद्या आक्षेप येईल."

"खाली टीप आहे. भरीत होतं."

"मी समजावलं हो साहेबांना. पण साहेब कोकणातले." भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला. "ते म्हणाले, वांगं गॅसवरसुद्धा भाजता येतं."

 काही वाक्यांनंतर बोलण्यासारखं काही उरत नाही.

प्रमिला गेली. ट्रंक घेऊन, छत्री घेऊन, आणि अभिमनचा टॉवेल घेऊन गेली. शनिवार आता अपुरा पडू लागला. मोगरापाड्याला पोचायलाच सोमवार उजाडला असता. म्हणून दिवाळी संपल्यावर अभिमनने साठवलेली रजा काढली. नानांनी असोद्याहून खास वांगी आणून दिली. कमलअक्कांनी हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे बांधून दिले. अभिमनने पंप घेतला. पंप कशाला, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

शहाद्यापर्यंत एसटी, पुढे धडगावपर्यंत दुसरी एसटी, आणि मग पायवाट. वाट दाखवायला तेरसिंग आला होता. त्याची मुलगी रुपली प्रमिलाच्या शाळेत होती.

"हे काय खाते?" पंपाचा आवाज ऐकून तेरसिंगने विचारलं.

"हवा."

"खाऊ दे, खाऊ दे. आमच्याकडे लय आहे."

प्रमिलाने दार उघडलं. अभिमनचा चेहरा स्वच्छ होता, वाटेत घाम आला तेवढाच. टॉवेलची गरजच पडली नाही. ती सरळ हसली. अभिमनला उगाच एक पायरी चुकल्यासारखं झालं.

ती खोकत नव्हती. तिच्या गालांवर रंग आला होता. मुलं तिचा पदर धरून ओढा ओलांडायची, आणि ओढ्याला धूर नसतो. दुसऱ्या दिवशी डबी प्रमिलाने लावली, आणि संध्याकाळी अभिमनने ती उघडली. चकती सकाळी घातली तशीच पांढरी होती. अशी चकती त्याने कधी पाहिली नव्हती. एखादा शास्त्रज्ञ आनंदाने नाचला असता. हवा खरंच चांगली होती आणि वाईट काय ते तेवढंच होतं.

"आता मला नाही पाठवणार कोणी जळगावला," ती चकतीकडे बघत म्हणाली. "मी बरी झाले ना."

मग तिनेच पिशवीत हात घातला आणि वांगी काढली. मोगरापाड्याला कपाशी नव्हती. तेरसिंगने तुरीच्या वाळल्या काड्या आणून टाकल्या आणि तो हुशार माणूस लगेच निघून गेला. खोलीच्या दाराशी तीन दगड मांडून दोघांनी जाळ केला. वारा आत वाहत होता, धूर सगळा खोलीत. दोघं जवळजवळ बसले, खोकले, डोळे पुसले, हसले, पुन्हा खोकले. वांगं कधी उलटायचं यावरून थोडं भांडले. लग्न झाल्यापासून एवढा वेळ ते सलग भांडले नव्हते. मध्ये कधीतरी तिने टॉवेल आणला, त्याच्या हातात दिला, आणि मग हसली.

चकती परत घातलेला पंप खुंटीला तसाच लटकलेला होता. कोणी बंद केला नव्हता. तो दोघांच्या मधली हवा ओढत राहिला.

ती चकती सगळ्यांत काळी होती. नानांपेक्षाही. अभिमन ती घेऊन धुळ्याला उतरला, थेट कार्यालयात गेला. वारही पाहिला नाही.

"हा धूर चुलीचा आहे, सर," निंबा भाऊसाहेब खेदाने म्हणाले. "तुमची फाइल वाहनांच्या धुराची. चुलीचं खातं वेगळं. यात मला एक वाहन दाखवा, मी आजच्या आज टिपणी लिहितो."

"तिथे वाहन जातच नाही."

"मग तक्रार कसली?"

अभिमन बाहेर आला. आग्रा रोडवरून ट्रक जात होते, एकामागे एक, काळा धूर सोडत, भलत्याच दिशेला. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग समोरच्या टपरीवर बसून त्याने पुढील अर्ज लिहिला. तो योग्य त्या खिडकीत दिला आहे, आणि पोच मिळालेली आहे.

'रस्ते ज्यांच्याकडे येतात त्या मेहेरबान साहेबांचे सेवेशी,

विषय : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा हा मौजे मोगरापाडा मार्गे वळविणेबाबत.

महोदय,

अर्जदाराची पत्नी वरील ठिकाणी शिक्षिका असून तेथील हवा अत्यंत स्वच्छ असल्याकारणाने बदलीस पात्र होत नाही. तरी सदर महामार्ग सातपुड्यावरून शाळेच्या फाटकासमोर नेण्यात यावा. त्यावरून शक्यतो जुन्या इंजिनाचे ट्रक सोडण्यात यावेत. शाळा सुटतेवेळी मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी अर्जदार जातीने हजर राहील आणि धुराच्या बाजूला अर्जदार उभा राहील, पत्नीस उभे करणार नाही. जळगावचा हुकूम हाती पडताच महामार्ग पुन्हा जागच्या जागी नेण्यास अर्जदाराची हरकत नाही.

एवढे सर्व शक्य नसल्यास, निदान एक ट्रक, रिकामा असला तरी चालेल, दर शनिवारी दुपारी जळगावहून मोगरापाड्यास सोडण्यात यावा व ड्रायव्हरशेजारची जागा अर्जदारासाठी राखून ठेवण्यात यावी. धुराबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार राहणार नाही.

अर्जदाराच्या जेवणाचे फार हाल होत आहेत.

सबब त्वरित मंजुरी मिळावी, ही विनंती.'